दुसरे समीकरण

शालेय गणितातील शाब्दिक उदाहरणे हा मराठी गद्याचा एक उपेक्षित प्रकार आहे, असे आमचे फार दिवसांचे मत आहे. कथेत असावीत तशी त्यात पात्रे असतात, व्यवहार असतो, एक गुपित असते आणि शेवटी ते उलगडतेही. मात्र या पात्रांना स्वभाव नसतो. बाप मुलाच्या तिप्पट वयाचा आहे एवढे कळते. तो मुलाशी कसा वागतो ते कळत नाही. नावाडी प्रवाहाविरुद्ध नाव वल्हवतो, पण पैलतीरी त्याचे काय काम आहे ते लेखकाला सांगावेसे वाटत नाही. या मंडळींत आमचा विशेष जीव जडला तो मिश्रणवाल्यांवर. दोन भावांचे तांदूळ एकत्र करणारा वाणी, दुधात पाणी घालणारा गवळी आणि सोन्यात तांबे मिसळणारा सोनार असे तिघेजण पिढ्यान्‌पिढ्या अंकगणितात सुखाने नांदत आले, आणि उदाहरण रचणाऱ्याने त्यांना कधी बोल लावल्याचे आमच्या वाचनात नाही. ज्याला बाजारात भेसळ म्हणतात त्याला पुस्तकात मिश्रण म्हणतात.

आम्ही काही वर्षे मंगळवेढ्यास होतो आणि संध्याकाळी दहावीच्या मुलामुलींना गणित शिकवीत होतो. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात बीजगणिताचे पहिलेच प्रकरण ‘दोन चलांतील रेषीय समीकरणे’ हे आहे. आमच्या वेळी यांना एकसामयिक समीकरणे म्हणत. पुस्तकात चलांसाठी रोमन अक्षरे असतात. आम्ही क्ष आणि य यांच्यावर वाढलेले, तेव्हा या लेखात तेच वापरू. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

मंगळवेढ्यात मिश्रणाचे पहिले उदाहरण ज्वारीचे घ्यावे, हे ओघाने आलेच. हे गाव ज्वारीचे कोठार. येथली काळी जमीन हस्ताचा पाऊस पोटात धरून ठेवते आणि त्या ओलीवर रब्बीची शाळू उभी राहते. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशहाची धान्यकोठारे लोकांसाठी उघडली, ती कथा याच गावची. ज्या मालदांडीवरून जिल्ह्यातीलच मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडपद्धतीने ‘एम ३५-१’ हे वाण सिद्ध झाले, ती मालदांडी या शिवाराची लेक. आणि २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकन मिळाले म्हणजे भाव आला, आणि भाव आला म्हणजे मिश्रणवालाही आलाच.

तर समजा, ६० रुपये किलोची मालदांडी आणि ४० रुपये किलोची दुसरी एखादी ज्वारी मिसळून दुकानदाराने १०० किलो माल तयार केला आणि नफा न घेता ४५ रुपये किलोने विकला. कोणती ज्वारी किती? मालदांडी क्ष, दुसरी य. क्ष + य = १००. ६०क्ष + ४०य = ४५००. पहिल्याला ४० ने गुणून दुसऱ्यातून वजा केले की य चा लोप होतो आणि २०क्ष = ५०० उरते. मालदांडी २५ किलो, दुसरी ७५. ज्या पोत्यावर मंगळवेढ्याचे नाव लिहिलेले असेल त्यात मंगळवेढा एक चतुर्थांश. मुलांना हे उत्तर काढताना मोठा आनंद होई, कारण त्यांच्यापैकी निम्म्यांच्या घरी ज्वारीची पोती होती.

भास्कराचार्य हे गणित समीकरण न मांडता सोडवतात. १११४ सालचा त्यांचा जन्म. ११५० साली त्यांनी लीलावती रचली. तीत मिश्रव्यवहार नावाचा एक मोठा भाग आहे आणि त्यात सोन्याचे गणित आहे. सोन्याच्या कसाला तेथे ‘वर्ण’ म्हटले आहे. सोळा वर्णांचे सोने उत्तम. त्यांनी दिलेल्या एका उदाहरणात १६ वर्णांचे आणि १० वर्णांचे सोने एकत्र आटवून १२ वर्णांचे सोने झाले आहे, आणि दोन्हींची वजने विचारली आहेत. रीत अशी की, मिश्रणाचा वर्ण आणि हलक्या सोन्याचा वर्ण यांतील अंतर म्हणजे १२ वजा १०, अर्थात २, हा उंची सोन्याचा भाग. आणि उंची सोने व मिश्रण यांतील अंतर म्हणजे १६ वजा १२, अर्थात ४, हा हलक्याचा भाग. दोनास चार. आमच्या ज्वारीलाही हीच रीत लावून पाहावी: ४५ वजा ४० म्हणजे ५, ६० वजा ४५ म्हणजे १५, पाचास पंधरा, म्हणजे एकास तीन. जो आपल्या दूर आहे त्याचा वाटा कमी, जो जवळ आहे त्याचा जास्त. मुले ही रीत एका दिवसात शिकली आणि मग समीकरणे मांडायला तयार होईनात; त्यांना कसे समजवावे हा आमच्यापुढे पेच पडला.

याच भास्कराचार्यांच्या बीजगणितात अनेक अज्ञात राशी असल्या तर पहिलीला यावत्तावत्‌ आणि पुढल्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देतात, म्हणून अशा समीकरणांना अनेकवर्णसमीकरण म्हणतात. म्हणजे वर्ण हा सोन्याचा कस, आणि वर्ण ही अज्ञात राशीही. बाराव्या शतकात हे ग्रंथ लिहिले जात होते तेव्हा मंगळवेढे हे कलचुरी घराण्याचे मूळ ठाणे होते. बिज्जल येथूनच कल्याणीच्या गादीपर्यंत गेला आणि बसवेश्वर त्याच्याच पदरी होते. वर्णाचा तिसरा अर्थ घेऊन त्या काळी केवढे रण माजले ते वाचक जाणतातच.

आणि तिसऱ्या अर्थाचा विषय निघाला की मंगळवेढ्यात पाऊल आपोआप चोखोबांकडे वळते. चोख हा शब्द सराफाचाही आहे: चोख सोने म्हणजे ज्यात दुसरे काही मिसळलेले नाही ते. परंपरा सांगते की शके १२६० मध्ये, म्हणजे १३३८ साली, मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम चालू असता ते कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांसह खाली गाडले गेले. पुढे नामदेवराय आले. ढिगाऱ्यात सर्वांच्या अस्थी एकमेकींत मिसळलेल्या. ज्यांतून विठ्ठलनामाचा ध्वनी आला त्या चोखोबांच्या मानून त्यांनी वेचल्या, पंढरपुरास नेल्या, आणि महाद्वारासमोर समाधी झाली. ही कथा आम्ही अनेकदा ऐकली होती. शिकवणी घेऊ लागल्यावर तिच्याकडे पाहण्याची आमची दृष्टी जरा विचित्र झाली हे कबूल केले पाहिजे. अस्थींचे वजन करून काही कळले नसते; सर्वांच्या अस्थी सारख्याच जड. नामदेवांना वजनाहून निराळी, वजनाशी काही संबंध नसलेली अशी एक खूण हवी होती, आणि ती त्यांना कानाने मिळाली. ज्यांच्या अस्थींतून ध्वनी आला नाही त्या मजुरांचे पुढे काय झाले, हे मात्र कथा सांगत नाही.

मिश्रणाच्या गणितातले मर्म हेच आहे. एका माहितीने मिश्रण उकलत नाही. ‘एकूण १०० किलो’ एवढेच सांगितले तर क्ष आणि य यांच्या असंख्य जोड्या चालतात. आलेखावर ती एक सबंध रेषा असते. दुसरी माहिती दुसरी रेषा काढते आणि जेथे छेद होतो तेथे उत्तर. पण ती दुसरी माहिती खरोखरच दुसरी हवी. ‘एकूण १०० किलो’ आणि ‘५० किलोची दोन पोती भरली’ ही दोन वाक्ये झाली, माहिती एकच. आलेखावर रेषा एकावर एक बसतात. मुले परीक्षेत येथेच अडखळतात. चीनमधील ‘नऊ प्रकरणे’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात या प्रकारचे जे पहिले उदाहरण आहे ते धान्याच्याच पेंढ्यांचे आहे: उत्तम, मध्यम आणि कनिष्ठ अशा तीन प्रतींच्या पेंढ्या, तीन निरनिराळ्या संख्यांनी घेतलेल्या, आणि प्रत्येक वेळी निघालेले धान्य ३९, ३४ आणि २६ मापे. तीन अज्ञाते म्हणून तीन वेळा मळणी. ती माणसे कोष्टकात आकडे मांडून एकेका प्रतीचा लोप करीत गेली, आपण फळ्यावर करतो तसाच.

आमच्या आजीच्या पिढीपर्यंत घराघरात दोन मापे होती. धान्य मापायचे ते पायलीने: दोन निळवी म्हणजे कोळवे, दोन कोळवी म्हणजे चिपटे, दोन चिपटी म्हणजे मापटे, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेर म्हणजे पायली, सोळा पायल्यांचा मण, वीस मणांची खंडी. आणि संशय आला तर तागडीत घालायचे. भरीव टपोऱ्या दाण्याची पायली वजनाला जड भरते, पोचट दाण्याची हलकी. समजा एका ज्वारीची पायली साडेतीन किलो भरते, दुसरीची तीन किलो, आणि आलेला माल ४० पायल्या असून वजन १२८ किलो आहे. क्ष + य = ४०, ३.५क्ष + ३य = १२८; चांगली ज्वारी १६ पायल्या, हलकी २४. कोणाला न विचारता, पुडके न वाचता कळले. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान पद्धत आली, हिशेब सोपा झाला आणि मापांचा गोंधळ गेला, हे चांगलेच झाले. प्रत्येक बाजाराची पायली वेगळी असे. पण त्याबरोबर ग्राहकाच्या हातातले एक समीकरणही गेले, याची नोंद कोणी घेतलेली आम्हांस आढळली नाही. (जाता जाता: वजनांची बेरीज होते, मापांची नेहमी होत नाही. पायलीभर ज्वारीत पायलीभर तीळ मिसळा. तीळ ज्वारीच्या फटींत शिरतात आणि दोन पायल्या भरत नाहीत.)

असो. दुधाकडे वळू, कारण खरी गोष्ट तेथे घडली.

फळ्यावर उदाहरण असे होते: गायीचे दूध ३.५ फॅटचे, म्हशीचे ६ फॅटचे. दोन्ही मिसळून ५० लिटर दूध झाले आणि त्याचे फॅट ४.५ आले, तर प्रत्येकी किती? उत्तर, ३० लिटर गायीचे आणि २० लिटर म्हशीचे. जवळच्या एका वाडीवरून येणारी एक मुलगी, एरवी फारशी न बोलणारी, म्हणाली, “सर, ज्यानं मिसळलं त्याला म्हाईत असंलच की. त्यालाच इचारायचं.” वर्ग हसला. आम्हीही हसलो, पण घरी जाताना तो प्रश्न सुटेना. खरेच, मिश्रणाच्या सर्व उदाहरणांत उत्तर कोणाला तरी आधीच ठाऊक असते. वाण्याला ठाऊक असते, गवळ्याला, सोनाराला ठाऊक असते. उदाहरण नेहमी समोरच्या माणसाच्या बाजूने लिहिलेले असते, ज्याने मिसळले नाही आणि ज्याचा मिसळणाऱ्यावर विश्वास नाही अशा माणसाच्या. आर्किमिडीजला मुकुट तपासायला सांगणारा राजा असाच, आणि दूध घेणारे केंद्रही असेच.

दुधाच्या बाबतीत हा अविश्वास निराधार नव्हता. दुधात पाणी घातले की ते हलके होते आणि दुग्धमापक खाली बुडतो, हे लोकांना पूर्वीपासून ठाऊक होते. पण साय काढून घेतली की उरलेले दूध जड होते, कारण स्निग्धांश पाण्याहूनही हलका. मग आधी साय काढावी, नंतर बेताने पाणी घालावे. दुग्धमापक पुन्हा आपल्या जागी, २८ ते ३० अंशांवर. एकाच मापाला दोन चोऱ्यांनी फसवता येत होते. १८९० मध्ये अमेरिकेत बॅबकॉकने आणि १८९१ मध्ये स्वित्झर्लंडात गर्बरने गंधकाम्ल वापरून स्निग्धांश वेगळा मोजण्याची सोपी रीत काढली तेव्हा दुसरे समीकरण मिळाले. आज गावोगावच्या केंद्रांत यंत्र असते. ते फॅट सांगते आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांश सोडून उरणारे घन पदार्थ, हेही सांगते. लिटर, फॅट आणि एसएनएफ अशा तीन गोष्टी कळल्यावर तीन अज्ञाते काढता येतात: गायीचे दूध, म्हशीचे दूध आणि पाणी. आम्ही उत्साहाने वर्गाला हे उदाहरणही घातले. गायीचे प्रमाण ३.५ व ८.५, म्हशीचे ६ व ९. महाराष्ट्रातील दूधदर ज्यांभोवती फिरत आले तेच हे आकडे. ५० लिटर, फॅट ४.४, एसएनएफ ७.९. उत्तर, गाय २०, म्हैस २५ आणि पाणी ५ लिटर. गुपित उघडे पडल्यासारखे झाले. मुले खूश झाली.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीने एक पावती आणून आमच्यासमोर ठेवली. २० लिटर, फॅट ४.५, एसएनएफ ८.३. तिने ते उदाहरण रात्रीच सोडवले होते. ३.५क्ष + ६य = ९०; ८.५क्ष + ९य = १६६. पहिल्याला दीडपट करून दुसऱ्यातून वजा केले की ३.२५क्ष = ३१. गाय साडेनऊ लिटर, म्हैसही साडेनऊच्या आसपास, आणि पाणी एक लिटर. “आमच्या आप्पांनी पाणी घातलं न्हाई सर,” ती म्हणाली. “धार मीच काढते. बारा लिटर गायीचं आन्‌ आठ म्हशीचं.” केंद्रावर चार माणसांत तिच्या वडिलांना पाण्यावरून बोलले गेले होते. त्या केंद्राचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही.

गणितात चूक नव्हती. आम्ही दोनदा तपासले. चूक सहगुणकांत होती, आणि उदाहरणात सहगुणक कोणी तपासत नाही. ते छापलेलेच असतात. ३.५ आणि ८.५ हे आकडे कोणत्याही एका गायीचे नव्हेत. त्याच गायीचे सकाळचे दूध आणि संध्याकाळचे दूध वेगळे. धारेच्या आरंभी फॅट कमी आणि शेवटच्या धारांना जास्त. व्यायल्यापासून किती महिने झाले त्यावर वेगळे. उन्हाळ्यात ओला चारा तुटला, जनावर तापले की एसएनएफ उतरते. तालुक्याच्या दक्षिण भागात चारा तुटणे ही काही अपवादाची गोष्ट नव्हे. म्हणजे चैत्रातल्या एका भुकेल्या गायीला कोष्टकातल्या गायीच्या जागी बसवले की समीकरण प्रामाणिकपणे पाण्याचा एक लिटर निर्माण करते. पुस्तकातल्या वाण्यावर आम्ही जो बोल कधी लावला नव्हता तो या माणसावर आमच्याच पद्धतीने लागत होता.

तिच्या पहिल्या प्रश्नाचा अर्थ आम्हांला तेव्हा लागला. ज्याने मिसळले त्याला विचारायचे, म्हणजे त्याच्या शब्दावर विसंबायचे असे नव्हे. मिसळण्यापूर्वीचे दूध मोजायचे. आठ दिवस तिने सकाळ-संध्याकाळ दोन बाटल्या वेगळ्या भरल्या आणि शेजारच्या गावच्या दुसऱ्या एका यंत्रावर तपासून घेतल्या. सरासरी अशी आली: गाय ३.५ आणि ७.९, म्हैस ६ आणि ८.९. मग हे आकडे घालून तिने फळ्यावर क्रेमरच्या पद्धतीने पुन्हा मांडणी केली. मुख्य निश्चयक उणे १६.२५, क्ष चा उणे १९५, य चा उणे १३०. गाय १२, म्हैस ८. विसातून वजा जाता पाणी शून्य. शून्यावर तिने खडूने दोनदा गोल काढला.

ते सगळे तिने एका आखीव कागदावर उतरवले आणि वडिलांनी तो पावतीबरोबर खिशात घालून केंद्रावर नेला. तेथे तो कोणी वाचला नाही. वाचण्याचे कारणही नव्हते, कारण दर एसएनएफवर ठरतो, ते कशाने कमी झाले यावर ठरत नाही. कापलेले पैसे परत मिळाले नाहीत. पाण्याविषयी मात्र पुन्हा कोणी बोलले नाही, असे तिच्याकडूनच कळले. पुढच्या महिन्यापासून त्यांच्या घरून दोन किटल्या जाऊ लागल्या, गायीची वेगळी आणि म्हशीची वेगळी, आणि दोन पावत्या येऊ लागल्या.